उद्घाटनाआधीची लायब्ररी

अगं, आमच्या लायब्ररी सायन्सच्या सहलीचं ऐक. सरांनी आम्हाला इथलीच एक नवी सार्वजनिक लायब्ररी दाखवायला नेलं. आत एसी, कॉम्प्युटर, प्लॅस्टिकही न काढलेल्या खुर्च्या. बाहेर उन्हात पायरीवर गारगोटी गावाहून शिकायला आलेली एक मुलगी अभ्यास करत बसलेली. पुढच्या आठवड्यात तिची स्पर्धा परीक्षा, आणि खोलीवर पाचजणींचा गोंगाट.

मी ग्रंथपालांना म्हटलं, "काका, तिला आत बसू द्या की."

"मंत्रीसाहेबांची तारीख मिळंना. उद्घाटन झाल्याबिगर वाचक आत घ्यायचा न्हाय."

"मग आम्ही कसे आत आलो?"

"तुम्ही काय वाचायला आलाय व्हय, पोरी? बघायला आलाय!"

आमचे सर खदाखदा हसले. आजकालची पोरं वाचत नाहीत म्हणून वर्गात रोज गळा काढणारे, तेच सर.