बोअरला दिलेलं मत

...आणि वर मलाच विचारतात, वर्नाबाई, तुम्ही त्यांना अडवलं का नाही! अहो, खासदाराला कोण अडवणार? त्यातून वायोमिंगचा खासदार, नवीकोरी टोपी, बूट असे चकचकीत की आमच्या गाईसुद्धा चरायच्या थांबून बघायला लागल्या! मी दारात उभी, हाताला पीठ, आणि हे मेरिट हॅस्कलसाहेब गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "डेलभाऊ, तुमच्या भागाचं सोनं करतोय मी!"

सोनं! तुम्हाला सांगते, त्यांच्या त्या विधेयकात कर, सरकारी जमीन आणि ऊर्जा, तिन्ही एकाच पातेल्यात शिजवलेली. सरकारी माळ विकायचा, तेल काढणाऱ्यांनी तो घ्यायचा, आणि घेणाऱ्याला कर माफ. आता माळ कोणता? तर डेलच्या आजोबांपासून परवान्यावर आमची गुरं जिथे चरतात, तोच! आणि विधेयकात त्याला म्हटलंय काय, तर 'रिकामी जमीन'. मी म्हटलं, "साहेब, रिकामी कशी? आमची गुरं आहेत की." तर म्हणतात, "गुरं मत देत नाहीत, वर्नाबाई!" सगळे हसले. डेलसुद्धा हसला! त्याला मी नंतर बघून घेतलं, ते सोडा.

तर फोटो. साहेबांची मदतनीस, पेज नावाची काटकुळी पोरगी, म्हणते, "मागे तेलाचं काहीतरी दिसायला हवं." आमच्याकडे तेलाचं म्हणजे एकच, माळाच्या मधोमध एक जुनी बोअर. कुणी कधीकाळी खणली, तेल लागलं नाही, कमरेएवढा गंजका पाइप वर ठेवून माणसं निघून गेली. घागरीच्या तोंडाएवढं त्याचं तोंड. आणि तो पाइप श्वास घेतो. अहो, घाबरता काय, आमच्याकडे सगळ्यांना माहितेय! हवा बदलली की कधी बाहेर फुंकतो, कधी आत ओढतो. वारा हो, दुसरं काय!

फक्त आम्ही तिथे बोलत नाही. का, ते मला विचारू नका. सासूबाईंनी सांगितलं होतं, गुरांना हाक मारायची तर लांब जाऊन मार. आणि गुरंही पाइपाभोवतीचं गवत खात नाहीत, कर्कटक फिरवल्यासारखं गोल हिरवंगार राहतं. मी साहेबांना म्हटलंसुद्धा, "फोटो काढा, पण तिथे बोलू नका." आता खासदाराला बोलू नका म्हणायचं, म्हणजे माझंही जरा चुकलंच!

भर दुपार. झुडपाचं एक पान हलत नव्हतं. पाइप मात्र फुंकतोय... हूऽऽ... हूऽऽ... साहेबांनी टोपी काढून पाइपाच्या तोंडावर धरली, तर तरंगली! केवढे हसले! "पेज, घे फोटो! हीच ती ऊर्जा!" मग टोपी हातात घेऊन हसतहसतच पाइपाला कान लावला. आणि काय सांगू तुम्हाला, हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. पेज म्हणते, "साहेब, हनुवटी जरा वर." नाही. "साहेब?" नाही. मग एकदम ताठ झाले, पाइपाच्या तोंडाशी वाकले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले, "होय."

फुंकणं बंद. आणि पाइप आत ओढायला लागला! हातातली टोपी चुरगळून सुर्रकन आत! आम्ही आपले कान देऊन उभे, तळाशी पडल्याचा आवाज येईल म्हणून... टोपीचा कसला आवाज येणार म्हणा!

घरी आणून कॉफी दिली. कप तसाच बाजूला ठेवून साहेब म्हणाले, "आत कुणीतरी नावं पुकारत होतं."

"कसली नावं?"

"समितीत मतदानाला पुकारतात तशी. एकेक. आणि प्रत्येक जण होय म्हणत होता. मग माझं नाव आलं."

"आणि तुम्ही होय म्हणालात?"

"सवय हो, वर्नाबाई! इतक्या वर्षांची सवय!"

डेल म्हणाला, "वारा हो साहेब, दुसरं काय!"

"डेलभाऊ," साहेब म्हणाले, "न वाचता मी पुष्कळ विधेयकांना होय म्हटलंय. पण निदान नाव तरी ठाऊक असायचं. हे मी कशाला होय म्हटलं?"

मी म्हटलं, "साखर घालू अजून?"

पुढचं पेपरात आलंच होतं. वॉशिंग्टनला जाऊन या माणसाने स्वतःच्या विधेयकातून आमचा माळ स्वतःच वगळला! पक्षातले ओरडले, "अरे मेरिट, तुझंच लेकरू आणि तूच लंगडं करतोस?" ऐकेचना. विधेयक पास झालं, शेजाऱ्यांचे माळ विकले गेले, त्यांची गुरं बाजारात गेली, चहूकडे यंत्रं आली, आणि आमचा परवाना तेवढा वाचला. मी रडले त्या दिवशी. आनंदानेच... बरीचशी.

साहेब पुढची निवडणूक लढलेच नाहीत. एक दिवस दारात उभे, हातात बॅग. "वर्नाबाई, मला मत बदलायचंय. निकाल सांगेपर्यंत बदलता येतं. माझं नाव पुन्हा यायची वाट बघतो, बस्स." आता घालवणार कसं? माळ वाचवलाय त्यांनी! तेव्हापासून तिथे घडीची खुर्ची टाकून बसतात. चकार शब्द नाही. दुपारचा डबा मी नेते. आणि हल्ली गुरं त्यांच्यापासूनही लांब चरतात... वारा हो, दुसरं काय!

परवा डबा ठेवायला वाकले आणि पाइपाचा ऊबदार श्वास गालावर आला. आणि ऐकलं. कंटाळलेल्या कारकुनाचा आवाज हो! नावं आमच्याच खोऱ्यातली, हयात माणसांची, आणि प्रत्येकाचं 'होय' त्याच्या त्याच्या आवाजात! मग पुकारलं, "ओल्ड्रॉइड, डेल." आणि खालून, त्या खोल काळोखातून, माझा नवरा म्हणाला, "होय."

"ओल्ड्रॉइड, वर्ना."

साहेब नुसती मान हलवतायत, नको, नको... आणि माझ्या तर जिभेवर आलेलं! काय करावं, सुचेना. ओरडले, "गैरहजर!" आणि पळाले ती थेट घरात. डेल सोफ्यावर बसलेला, डोळे चोळत. मी म्हटलं, "अरे, तू आत्ता कुणाला होय म्हणालास?"

तर म्हणतो, "डुलकी लागली होती गं. कुणीतरी हाक मारली, म्हटलं होय. का? काय झालं?"

वारा, म्हणाले मी. दुसरं काय सांगणार? पण त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं... चला, निघू द्या मला. आता माळावर दोन डबे न्यायचे असतात.