मॉडेलमधला चिखल

ताई: दारातच उभा राहून काय बोलतोस? आत ये. लादी ओली आहे, जपून.

भाऊ: नको ताई, लगेच निघायचंय. एवढंच सांगायला आलो, की सकाळी प्रदर्शनात...

दाजी: अरे, आधी बस, मग सांग. पलंगावरून मान वळवून बघायला लागतंय मला. आज मशीनवर रक्त धुऊन आलोय, अंगात त्राण नाही.

भाऊ: दाजी, केव्हा आलात परत?

दाजी: आत्ताच. दवाखाना बघ, या खिडकीतून दिसतो, खाडीच्या पलीकडे. हात लांब केला तर लागेल. पण जायचं अख्ख्या खाडीला वळसा घालून, एका फेरीत दिवस संपतो. तुमचं खाडीवरचं धरण झालं की वरून रस्ता होणार म्हणे. मग मी फिरायला निघाल्यासारखा जाईन, हात मागे बांधून.

भाऊ: रस्ता नक्की आहे. उधाणाचं पाणी गावात शिरायचं थांबेल. आणि वीज तर बिनधुराची. भरती-ओहोटी काही संपावर जात नाही.

ताई: सकाळी ऐकलं आम्ही. चांगलं समजावत होतास. चहा टाकते.

भाऊ: चहा राहू दे. ताई, तू मॉडेलपाशी येऊन विचारलंस, आमचा चिखल कुठाय? साहेब हसले. आणि मी...

ताई: जाऊ दे रे.

दाजी: काय झालं सकाळी? या घरात मला कोणी काही सांगतच नाही.

ताई: काही झालं नाही. तुम्ही पडा.

भाऊ: मी तिला बाई म्हणालो, दाजी. ‘अहो बाई, हे भरतीच्या वेळचं मॉडेल आहे. मागे सरका, काचेला हात लावू नका.’ साहेबांसमोर. आणि तिच्यासोबत आलेल्या सगळ्याजणींसमोर.

दाजी: सख्ख्या बहिणीला?

भाऊ: तिच्या नखांत चिखल होता. साहेब तिकडेच बघत होते. ही माझी बहीण, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही माझी.

ताई: शिंपल्या वेचून तशीच आले होते. हात धुतले होते की. पण जात नाही तो.

दाजी: त्याच शिंपल्या विकून हिने तुला...

ताई: ते आता काढू नका.

भाऊ: काढू दे. मला लाज वाटते ताई. दुपारभर हातात ब्रश धरवला नाही. तू बायकांना काय सांगितलंस?

ताई: सांगितलं, कामावर असताना घरच्यांशी ओळख दाखवायची नाही, असा नियम आहे तिथे.

भाऊ: असा काही नियम नाही.

ताई: मला ठाऊक आहे. त्यांनाही असेल. एरवी या बायकांच्या बडबडीने कान किटतात. आज घरापर्यंत एक शब्द नाही कोणाचा.

दाजी: पण तू गेलीसच कशाला तिथे?

ताई: उद्या धरणाची सुनावणी आहे ना. शिंपलीवाल्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलंय. मीच सगळ्यांना म्हणाले होते, मॉडेल माझ्या भावाच्या हातचं आहे, तो आहे तेच दाखवेल. धरण झाल्यावर किती चिखल उघडा राहतो ते डोळ्यांनी बघू आणि मग हो की नाही ते ठरवू. खरं सांगायचं तर मी मनातून हो म्हणायलाच गेले होते. तुमच्यासाठी.

भाऊ: केला होता मी चिखल. पहिल्या खेपेला. ओहोटीचे बारीक ओहळसुद्धा काढले होते. साहेब म्हणाले, घाण दिसतंय, निळं करून टाका. केलं. एवढी मेहनत घेतली होती, पण तोंडातून ब्र काढला नाही मी.

ताई: आणि खरं किती राहणार?

भाऊ: ते अजून तसं...

ताई: सांग की. आता काही काचेला हात लावत नाही मी.

भाऊ: भरतीचं पाणी आत घेणार, दारं बंद करणार, मग बेताबेताने सोडून वीज काढणार. त्यामुळे आतलं पाणी पहिल्यासारखं उतरणारच नाही. निम्म्याहून जास्त चिखल कायमचा पाण्याखाली. तुमची जागा त्यातच येते.

(दाजी पांघरूण पायांवर ओढून घेतात.)

दाजी: माझ्या नावाने हो म्हणू नकोस. इतके दिवस वळसा घालतोय, अजून घालेन.

ताई: काय घालाल? जिना चढताना दोनदा बसलात आज. इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हटलं तर तुमचे हाल, हो म्हटलं तर माझ्याबरोबर त्या सगळ्याजणींच्या तोंडचा घास जातो. आणि त्या माझ्या भरवशावर बसल्यात.

भाऊ: मी सांगतो उद्या. उभा राहून सांगतो, मॉडेल खोटं आहे म्हणून.

ताई: नोकरी जाईल.

भाऊ: जाऊ दे.

ताई: हे तू इथे म्हणतोयस. तिथे साहेब असतील.

दाजी: अगं, बोलू दे त्याला.

ताई: बघा ना, गप्प झाला.

भाऊ: मग मी काय करू, ताई?

ताई: काही करू नकोस. रस्त्याचंही मीच सांगेन आणि चिखलाचंही, जे आहे ते. तू साहेबांशेजारी उभा राहा खुशाल. मी मागच्या रांगेतून बोलेन आणि तुझ्याकडे बघणार नाही, म्हणजे तुला अवघड व्हायला नको.