पाहुणा आला, बोलू नका

आता तुमीच सांगा, ज्या माणसाले अख्खी गल्ली 'बिनपगारी रेडिओ' म्हणते, त्याले पौषाच्या थंडीत, अंधारात, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावर डोंग्यात बसवाचं अन् वरून म्हणाचं, "मास्टर, बोलू नका"... हा काय न्याय झाला?

मी कमरुद्दीन, टेलर मास्टर, चंद्रपूरचा. माप घेता घेता बोलतो, कापड कापता कापता बोलतो, तोंडात टाचण्या असल्या तरी बोलतो. पण तुमाले सांगतो, वीस दिवस झाले, घरात माझं ऐकाले कोणी नाई. आबिदा, माझी बायको, टायफाइडातून उठली अन् खाणंच विसरली. डॉक्टर म्हणे ताप गेला, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. खिचडी देली, सरकवली. मटणाची यखनी देली, सरकवली. खाणं जाऊ द्या, मले रागावणं बी सोडलं तिनं. बावीस वर्षांच्या संसारात बायको रागवत नाई म्हणजे... भेव वाटते ना बापा. मंग एका दिवशी पुटपुटली, "कोर्रमीनू." ती सिरोंच्याची, तिकडं तेलुगूत मरळ माशाले तसं म्हणतेत. अन् मरळ पाहिजे जिती. बाजारात रोहू-कतल्याचे ढीग, जिती मरळ कुठी?

गेलो उमाजीभाऊकडं. ते ढीवर, मासे धरता धरता जन्म त्याच बोडीवर गेला, अन् त्यायच्या पोराच्या लग्नाचा कोट मीच शिवलेला. मले वाटलं मासा घेऊ, सायकलले अडकवू, घरी. ते म्हणे, "मरळ रातची गरीले, गळाले लागते मास्टर. चला डोंग्यात."

बसलो. गरीले आमिष म्हणून बेंडकी, गरीची दोरी माझ्या बोटाले, अंगात दोन स्वेटर, कानाले मफलर, तरी दात शिलाई मशीनीसारखे चालून राह्यले. म्हणलो, "उमाजीभाऊ, थंडी..." "मास्टर, बोलू नका." "नाई, म्हणजे मरळीले कान..." "मास्टर. बोलू नका." पोटात नुसती शब्दांची गर्दी, जशी ईदच्या आदल्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांची.

इतक्यात ते हळूच म्हणे, "मास्टर, पाहुणा आला."

आता पाहुणा आला म्हणल्यावर आपण बसून राहतो का? मी उठलो, काठावर टॉर्च मारला अन् म्हणलो, "या जी या, सलाम, इतक्या रातचे कसे काय?" डोंगा हलला, दोरी बोटातून सर्रकन गेली, अन् मी कमरेइतक्या पाण्यात उभा. काठावर कोणी नाई. उमाजीभाऊनं मले कॉलर धरून वर ओढलं. म्हणे, "बोडीवर माशाचं नाव घेत नाई जी. त्याले ऐकू जाते. आमी पाहुणा म्हणतो." अरे, मंग हे आधी नाई सांगाचं? तर म्हणे, "तुमी मले बोलू देलं कुठी?"

मले तं रडूच आलं. निसटला तो मासा नाई, आबिदाची भूकच, असं वाटलं. उमाजीभाऊनं पाह्यलं, दुसऱ्या गरीले बेंडकी लावली, दोरी परत माझ्या बोटाले देली. "भला पाहुणा परत येते," म्हणे. मी मफलर सोडला अन् स्वतःच्याच तोंडात कोंबला. पहाटेले बोटाले असा हिसका बसला... तुमाले सांगतो, मी हू की चू केलं नाई, फक्त उमाजीभाऊचा कान ओढला.

हातभर मरळ, डब्यातल्या पाण्यात उसळून राह्यली. घरी आलो. आतून आबिदाचा आवाज, "कोण आहे?" अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुणा आला."

वीस दिवस खाटेवर पडलेली बाई, उठली. डोक्यावर ओढणी घेतली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली, अन् तिथून सुरू. "इतक्या सकाळी पाहुणा? घरात साखर नाई, दूध नाई, अक्कल आहे का तुमाले? अन् पॅंट काऊन ओली?" रागावली जी, रागावली. मी तिथीच उंबऱ्यावर बसलो. जीव असा थंड झाला का काय सांगू.

मंग तिनं डबा उघडला. सांगत गेली अन् माझ्याकडून चिंचेचा रस्सा करून घेतला, तिच्या आईसारखा. ताटावर बसली. पहिला घास, दुसरा घास, भात संपला तं अजून मागतला. मी म्हणलो, आता हिले अख्खी रात्र सांगतो. "आबिदा, त्या बोडीवर ना..."

तिनं मानही वर केली नाई. "जेवून राह्यली ना मी," म्हणे, "बोलू नका."

म्हणून तं तुमाले धरलं.