आजारी माणसाला खरं सांगू नये

(ऑपरेशननंतरची खोली, दुपार. सून नुकती शुद्धीवर आलेली, सासू उशाशी बसलेली.)

सून : परत सांगा.

सासू : बाळ सुखरूप आहे. किती वेळा सांगू गं?

सून : ह्यांना बोलवा.

सासू : औषधं आणायला खाली गेलाय. माझ्यावर भरवसा नाही का?

सून : नाही.

सासू : घ्या. पोटाला टाके पडले तरी जीभ शाबूत आहे बाईची.

सून : आई, मावशींचा पाय मोडला तेव्हा तुम्ही त्यांना मुरगळलाय म्हणालात. त्या उठून चालायला लागल्या.

सासू : दोनच पावलं चालली ती.

सून : बाबांनाही शेवटपर्यंत गॅस झालाय म्हणत राहिलात.

सासू : आजारी माणसाला खरं सांगू नये. निम्मा जीव तिथंच जातो.

सून : मग मीही आजारीच आहे की. पाचव्या महिन्यात पोट उघडलंय माझं. मला तुम्ही दुसरं काय सांगणार?

सासू : अगं, पण या वेळी खरंच. तुझ्या गळ्याची शपथ.

सून : बाबांपुढेही शपथच घेतली होतीत.

सासू : थांब, सिस्टरना हाक मारते. अहो सिस्टर... पलीकडे आहेत वाटतं. येतील.

सून : तुम्ही रडताय. म्हणजे नाहीच ना ते?

सासू : नाही गं बाई. ऐक, आता सगळंच सांगते, मधे बोलू नकोस. तुझ्या डाव्या अंडाशयावर नारळाएवढी गाठ होती. तिला पीळ पडला, म्हणून तू गडाबडा लोळत होतीस. आणि मी म्हणत होते, या दिवसांत दुखायचंच, गरम पाणी पी. अंडाशय काळंनिळं पडलं होतं, गाठीसकट काढून टाकलं. अशी गाठ क्वचितच बघायला मिळते म्हणाल्या डॉक्टरीणबाई. साधी वाटते, पण तपासायला पाठवलीय, रिपोर्टआधी शब्द देणार नाही म्हणाल्या. वाईट निघाली तर काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मधेच कळा यायचीही भीती आहे, म्हणून तुझ्यावर नजर ठेवतायत. मला फार भीती वाटतेय गं. हात बघ, कसे गार पडलेत.

सून : गर्भपिशवी?

सासू : तिला धक्काही लावला नाही म्हणाल्या.

सून : म्हणजे बाळ आहे.

सासू : मघापासून दुसरं काय सांगतेय मी?

सून : मघाशी तुम्ही नुसतं चांगलंच सांगत होतात.

सासू : धन्य आहे तुझी. सगळं ऐकून वर हसतेयस?

सून : हसवू नका, टाके दुखतात. हात द्या इकडे. रिपोर्टचं आपण मिळून विचारू.

सिस्टर : कोणी हाक मारली? अरे वा, जाग आली का? बाळाचे ठोके ऐकायचेत ना? जरा गार लागेल हं.

सून : आधी आईंना ऐकवा, सिस्टर. मला कळलंय.