मूसाच्या झाडाचे जर्दाळू

— नाही हो पाहुणे, नदीच्या आवाजाने नाही. तिच्या आवाजाने तुम्ही जागे राहिला असाल; आम्ही ती गप्प झाली तर दचकून उठू. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही तो तुमच्या त्या फोनमुळे. बसा ना, उभे का? ड्रायव्हर अजून पुलापाशी चहा पितोय, मी बघून आले. बसा, कुट्टूची धिरडी गरम आहेत, दही घ्या वर — आणि खाता खाता ऐका, कारण मला जे बोलायचंय ते तुम्ही गाडीत बसायच्या आत बोलायचंय. टॉवर बंद पडलाय हे आमचं नशीब. एकदा का दिस्कित आलं की तुमच्या फोनला रेंज येणार, आणि माझी सहा वर्षांची पोर जगभर फिरणार.

हसू नका. कालही तुम्ही हसत होतात. मी आत पीठ भिजवत होते, म्हटलं, वा, पाहुणे रमले लेकरात! बाहेर आले तर फोन बतूलच्या नाकासमोर, आणि तुम्ही विचारताय — काय विचारत होतात? तुमच्या तोंडून ऐकू दे. नाही? बरं, मी सांगते. ‘बेटा, लढाई झाली तर तू कुणाच्या बाजूने?’ अहो, तिला अजून डावा बूट कुठला नि उजवा कुठला ते कळत नाही, आणि तिने बाजू सांगायची?

शिकवून ठेवलंय मी तिला. इथल्या सगळ्याच आया शिकवतात — कविता नंतर, हे आधी. पाहुण्याने तसलं काही विचारलं, की तुम्ही इकडचे की तिकडचे, पलीकडे कोण आहे, कुणाचं राज्य बरं होतं, तर उत्तर द्यायचं नाही. गोड हसायचं आणि म्हणायचं, ‘पाहुणे, आणखी चहा घेणार का?’ बस्स. चहा विचारला म्हणून कुणाची चौकशी होत नाही. माझ्या आईने मलाही हेच शिकवलं. फरक इतकाच, तेव्हाचे पाहुणे गणवेशात यायचे. पण काल तुम्ही तिच्या तोंडात चॉकलेट कोंबलंत, तिला चहा आठवणार कुठून! आणि त्याआधी तुम्ही गच्चीवर वाळत घातलेल्या जर्दाळूंच्या त्या कोपऱ्यातल्या ढिगात हात घातलात. तिथेच सगळं बिनसलं. ती म्हणाली, ‘हे नाही, हे मूसा अपोचे.’ अपो म्हणजे आजोबा. कोण मूसा अपो? ‘ते पाकिस्तानात असतात. ते येणार आहेत.’ झालं! तुम्ही टाळीच वाजवलीत — ‘म्हणजे शत्रूचा माल!’ — आणि मग तो बाजूचा प्रश्न, आणि माझी गुणी मुलगी काय म्हणाली? ‘मूसा अपोच्या.’

का म्हणाली? कारण तिच्या लेखी मूसा अपो म्हणजे एक झाड आहे! आमच्यात मुलगा झाला की बाप त्याच्या नावाने जर्दाळूचं झाड लावतो. पुढे जमिनी वाटल्या जातील, घरं वाटली जातील, पण झाड ज्याचं, फळ त्याचं. माझ्या सासऱ्यांचं झाड ओढ्याच्या वर, त्यांच्या धाकट्या भावाचं, मूसाचं, ओढ्याच्या खाली. हा मूसा एका हिवाळ्यात परीक्षा द्यायला स्कर्दूला गेला; तेव्हा आमचं गावही पाकिस्तानातच होतं. ‘परीक्षा देऊन येतो’ म्हणाला. इकडे एकाहत्तरची लढाई झाली, आणि गावाने सकाळी दारं उघडली तर गाव हिंदुस्थानात, स्कर्दू तिकडेच. मूसाची परीक्षा अजून चालू आहे म्हणायची! पण त्याचं झाड दर साल लगडतं. सासरे स्वतः उतरवतात, वेगळे वाळवतात, पुढचं पीक येईपर्यंत कुणाला एक फळ खाऊ देत नाहीत, आणि मग मशिदीत पोरांना वाटून टाकतात. हा तुमचा शत्रूचा माल. यात कुठला तोफगोळा दिसला तुम्हाला?

ती गोष्ट आवडते ना तुम्हा लोकांना — जन्म महाराजाच्या राज्यात, शाळा पाकिस्तानात, म्हातारपण हिंदुस्थानात, आणि माणूस घरातून हललेला नाही? मीच सांगते ती, जेवणानंतर, सगळ्या पाहुण्यांना. छान रंगवून सांगते. लेहला इतिहास घेऊन बी.ए. केलंय मी, उपयोग काय केला तर हा! त्या अख्ख्या पुस्तकात आमच्या खोऱ्याला अर्धी ओळ होती. गोरा साहेब गेला तो डोंगर तसेच टाकून गेला, आणि मागे राहिलेल्यांनी आधी फौजा पाठवल्या, मग नकाशे काढले. आम्हाला कुणी विचारलं? कधीच नाही. तेव्हा मोठ्यांना विचारलं नाही, आणि आता लेकरांना विचारताय!

काय म्हणालात? गंमत होती? माझा नवरा फौजेच्या चौक्यांवर सामान वाहतो. पाठीवर रॉकेल घेऊन बर्फात चढतो तो. त्याच्या मुलीचं ते ‘मूसा अपोच्या’ उद्या कुणा साहेबाने बघितलं, तर त्याला पुन्हा कोण बोलावणार? चौक्या बंद झाल्या तर आम्ही खायचं काय — तुमची गंमत?

व्हिडिओ खोडताय? खोडा. असं नाही, माझ्यासमोर. आणि ते खोडलेलं ज्या पेटीत जाऊन पडतं ना, तिथूनही. बघता काय? म्हटलं ना, शिकलेली आहे. हां. गेलं. आता फोन पालथा ठेवा.

...

झालं. आता मी गप्प बसायला हवं. पण राग कसा, चूल विझवली तरी तवा तापलेलाच! रात्री मी बतूलला रागावले. ती झोपेपर्यंत मुसमुसत होती. ‘मी खोटं थोडंच बोलले,’ म्हणे. खोटं नाही तर काय? येणार आहेत म्हणे! कोण येणार? मूसा अपो वसंतातच गेले! शारजाला त्यांचा मुलगा असतो, तो तिकडचं इकडे कळवतो, मी इकडचं तिकडे. त्यानेच निरोप धाडला, त्याचा आवाज आहे माझ्या फोनमध्ये अजून, खोडवत नाही. सासऱ्यांना मी सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, चौकीवर त्याच्या तोंडून काही निसटलं तर! आणि म्हातारा गुडघे धरत त्या झाडावर चढतो, एकेक जर्दाळू उन्हात उलटतो, आणि मी शेजारी बसून टोपल्या पुढे करते. मेलेल्या माणसाचा वाटा वाळवतेय मी, पाहुणे, आणि तुम्ही विचारता बाजू कुठली —

थांबा. हे मी तुम्हाला का सांगितलं? सरहद्दीपलीकडचे निरोप माझ्या फोनवर येतात हे मी — नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. फोन पालथाच आहे ना? दाखवा. दाखवा हो! पोरीला रात्रभर बोल लावले, आणि ही मी, बी.ए. झालेली —

बतूल? कधीपासून उभी आहेस दारात? तुझे अपो कुठे आहेत? गच्चीवर? नक्की ना? आत जा बाळ, काही झालेलं नाही. जा म्हणते ना! अगं, किटली कशाला उचललीस, जड आहे ती, सांडशील... काय हवंय तुला पाहुण्यांपाशी? नको, आता एक शब्द बोलू नकोस तू, बतूल —

‘पाहुणे, आणखी चहा घेणार का?’