घड्याळाच्या पाठीवरचं

(सांगली, १९७४. घरांवरच्या नावाच्या पाट्या करणाऱ्या तवनाप्पांच्या भट्टीपुढं कोरेगावची शालूबाई एस.टी.तून उतरून तडक येऊन उभी आहे.)

शालूबाई : घासू नगा म्हणते न्हवं! हातातलं खाली ठेवा आदी!

तवनाप्पा : अहो मावशी, हातात चहाची बशी आहे माझ्या. काय घासायचं नाही ते तरी सांगा.

शालूबाई : घड्याळ. मालकांचं हाय, आमच्या पोरानं, मानसिंगानं परवा तुमच्याकडं दिलंय बगा. मिलट्रीत हाय त्यो. घालून आट दिसांत त्येच्या मनगटाला चट्टं उटलं, म्हणून लेप चढवाय दिलं.

तवनाप्पा : ते फौजी होय! झालं की त्यांचं काम. यंत्र घड्याळजीकडं, डबी माझ्याकडं. ॲसिडात धुतली, काचेची पूड लावली, घातली भट्टीत. चिनी मातीच्या बरणीसारखी झालीय. आता कितीही घाम येऊ दे, लोखंड अंगाला लागायचं नाही.

शालूबाई : पाठीला बी लावलं?

तवनाप्पा : पाठीला तर आधी. तीच मनगटाला लागते.

शालूबाई : संपलं मग... कशाला दिलं मी त्येच्या हातात!

तवनाप्पा : अहो, खाली काय बसताय! झालं काय?

शालूबाई : पाठीवर मालकांनी खिळ्यानं लिवलं हुतं. पल्टनीत अक्षरं शिकलं तवा. त्येंच्या हातचं तेवडंच हाय घरात. दोन वरसं झाली त्येंस्नी जाऊन.

तवनाप्पा : मग पोराला सांगायचं नाही का?

शालूबाई : घासून काडत्यात हे काल बोलला त्यो. सकाळची पैली गाडी धरली.

तवनाप्पा : हात्तिच्या! मावशी, उठा. ही घ्या डबी. उजेडात धरा.

शालूबाई : गुळगुळीत लागतंय... आगं बया! दिसतंय की! काळ्यात पांडरं!

तवनाप्पा : पाट्या करणारा माणूस मी. लोकांची नावं लिहून जेवतो. लिहिलेल्यावर कानस चालवायला हात धजत नाही माझा. चरांत पांढरी पूड भरली, भोवती काळी, अन् भाजून काढलं. आता पुसलं जायचं नाही. पण आधी त्यात लाल काय होतं? मला गंज वाटला.

शालूबाई : कुकू. देव्हाऱ्यात हुतं न्हवं घड्याळ. देवाचं नाव हाय म्हणालं हुतं मालक. मला कुटं वाचाय येतंय! लय उपकार झालं बाबा. जीव भांड्यात पडला.

तवनाप्पा : देवाचं? मावशी, तुमचं नाव काय?

शालूबाई : शालू. का वं?

तवनाप्पा : मालक काय म्हणून हाक मारायचे?

शालूबाई : ‘आगं ए’. न्हाईतर ‘मानसिंगाची आई’. बायकूचं नाव कोन घेतंय आमच्यात?

तवनाप्पा : मग ऐका, वाचतो. दोनच अक्षरं आहेत. शा... लू.

शालूबाई : काय म्हणता!

तवनाप्पा : ‘लू’ जरा वाकडा आलाय. पण तोच आहे.

शालूबाई : म्हंजे दोन वरसं मी माज्याच पाया पडत हुते व्हय?

तवनाप्पा : पुन्हा वाचू?

शालूबाई : वाचा की. सावकाश वाचा.