शिळ्या भाकरीचा धडा

मी मूळची वालूरची. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आन आमच्या आळीनं बौद्ध धर्म घेतला त्यानंतर मोठेपणी अक्षरं शिकला. जोडून वाचायला त्याला लय वेळ लागायचा, म्हणून पेपर मी वाचायचे आन तो ऐकायचा. झालं की इचारायचा, बाई, लिव्हणारानं काय सांगितलं ते कळलं, पर काय न्हाई सांगितलं? मी चिडायचे. जे न्हाई लिव्हलं ते मी कुठून वाचू? आता वाटतं, मास्तरकी मला तिथंच लागली, डी.एड. नंतर झालं.

झरीच्या साळंत सातवीला मराठी शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर धडा वाचायचा, अवघड शब्द फळ्यावर लिव्हायचे, आन प्रश्नांची उत्तरं गाईडातून सांगायची. लेकरांनी ती उतरवायची, घोकायची, पेपरात ओतायची. हेडमास्तरांचा हुकूमच हाय तसा. मी म्हणलं, सर, गोष्ट हाय, लेकरांना नुसती ऐकू तर द्या. ते म्हणले, बाई, गोष्टी घरी आजीनं सांगायच्या, साळंत पोर्शन असतो. मी आपली गाईड घेऊन वर्गावर गेले.

तर आमच्या पुस्तकात एक धडा हाय. दुष्काळात एक बाई कडेवर लेकरू घेऊन मोठ्या घराच्या मागच्या दारी येते, मालकीण तिला शिळी भाकर देते, ती हात जोडून आशीर्वाद देते, संपला धडा. खाली प्रश्न, मालकिणीचा कोणता गुण दिसून येतो? गाईडात उत्तर, दयाळूपणा. दोन मार्क.

सहामाहीला त्योच प्रश्न आला. सगळ्या वर्गानं लिव्हलं दयाळूपणा. एकट्या गिरिजानं लिव्हलं न्हाई. गिरिजा म्हणजे किराणा दुकानवाल्याची लेक, महादेवाची भक्ती करणारं घर, पोरगी तशी मुकीच. तिनं लिव्हलं, धड्यात पहिल्याच ओळीत मालकीण तव्यावर भाकर टाकायलीय, म्हणजे ताजी होती, तरी शिळी दिली, म्हणून ती दयाळू न्हाई. आमच्या घरी बी असंच करतेत.

मी दोनपैकी दोन दिले. का न्हाई देणार? साठ लेकरांत एकीनं धडा वाचला होता!

हेडमास्तरांनी गठ्ठा तपासला आन मला बोलावलं. म्हणले, हे त्या पोरीचं डोकं न्हाई, हे तुमी भरवलंय. मी म्हणलं, मी कामून भरवू, पहिली ओळ वाचा की. ते म्हणले, ओळीचं मला सांगू नका, तुमची आळी कोणती ते मला ठाव हाय. अंगातून आग निघाली माझ्या. दोनाचा त्यांनी लाल शाईनं भोपळा केला आन गिरिजाच्या बापाला चिठ्ठी धाडली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बाप आला. मला वाटलं, आता हा माझ्यावर तुटून पडणार, घरची गोष्ट पेपरात आली म्हणून. त्यानं पुस्तक मागितलं. उभ्यानंच धडा वाचला, बोट फिरवत, सगळा. मंग म्हणला, सर, पहिल्या ओळीत भाकर हाय की तव्यावर. हेडमास्तर खिडकीकडं बघायले. मला वाटलं जिंकलं! तर तो माझ्याकडं वळून म्हणला, बाई, पोरगी खोटं बोलली न्हाई, पर वार्षिक परीक्षेत मार्क जायला नगं. तुमीच सांगा तिला, तुमचं ऐकंल ती.

आन मी सांगितलं. हो, मीच. वऱ्हांड्यात बोलावून म्हणलं, गिरिजा, पेपरात दयाळूपणा लिही. ती म्हणली, बाई, मंग धडा वाचायचा कामून?

घंटा झाली म्हणलं, वर्गात जा.

वार्षिकला त्योच प्रश्न आला, तिनं दयाळूपणा लिव्हलं. दोन मार्क मिळाले. आठवीला गेली, दिसली की हसते, पर पहिल्यासारखी थांबत न्हाई. मला लय लागतं ते.

आता मी एक करायलेय. वहीच्या पुढून गाईडाचं उत्तर, वहीच्या मागून तुमचं सवताचं. ज्याला जे वाटलं ते. कुणी दोन ओळी लिव्हतं, कुणी पान भरतं, एका पोरीनं त्या मालकिणीलाच चिठ्ठी लिव्हली. मी शेवटच्या तासाला वाचते आन कदी हसते, कदी परत पहिल्यापासून वाचते. हेडमास्तर दर शनिवारी वह्या तपासतेत, सही करतेत, पर पुढूनच. मागून उघडा असा हुकूम अजून कुणी काढला न्हाई. काढतील बी, त्यांचा काय भरवसा. तवर लिव्हा म्हणते बायांनो, बाबांनो, सुखानं लिव्हा.